वाटाड्या आणि नकाशा

प्रवासास निघतांना आमच्या पिशवींत महाराष्ट्राच्या नकाशाची एक घडी असते, हा आमच्या घरांत बरेच दिवस थट्टेचा विषय होऊन बसला आहे. “अण्णा, आतां मोबाइल सगळें सांगतो,” असें चिरंजीव म्हणतात. आणि नातू तर त्या घडीस ‘आजोबांची पोथी’ म्हणतो. पोथी इतक्या वेळां उलगडली गेली आहे कीं, कोयनेच्या आसपासचा मुलूख आतां केवळ चिकटपट्टीच्या आधारानें तग धरून आहे. तथापि ती टाकून देण्यास आमचें मन घेत नाहीं. आणि तें कां घेत नाहीं, हें वाचकांस सांगण्याजोगें आहे.

सन २०१९ च्या डिसेंबरांत आम्ही सहकुटुंब हरिहरेश्वरास गेलों होतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं केळशीस श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनाचा संकल्प होता, म्हणून रात्रींच पुढें जाऊन तेथें मुक्काम करावा असें ठरलें. भोजनें उरकून निघेपर्यंत दहा वाजून गेले. मोबाइलनें निळी रेघ काढून दाखविली आणि त्यांतील बाईंच्या आज्ञेप्रमाणें चिरंजीव गाडी हांकूं लागले. थोड्याच वेळांत आम्ही बागमांडल्याच्या धक्क्यावर येऊन थांबलों. समोर सावित्रीची खाडी काळीभोर पसरलेली, पलीकडे वेसवीचे दिवे मिणमिणत असलेले, शेवटची फेरीबोट केव्हांच गेलेली, आणि बाई शांतपणें सांगत आहेत, “सरळ पुढें चला!” जमिनीवरचा रस्ता आणि पाण्यावरची वाट या दोहोंस त्या रेघेंत एकच निळा रंग होता.

आपल्या देशानें २०१३ पासून आकाशांत सोडलेल्या मार्गदर्शक उपग्रहांच्या मालिकेस ‘नाविक’ असें सुंदर नांव दिलेलें आहे. त्या रात्रीं आकाशांत नाविक होते. धक्क्यावर मात्र एकही नव्हता.

दुसरा मार्ग विचारावा, तर मोबाइलला रेंज नाहीं. आमचें स्थान दाखविणारा ठिपका जागच्या जागीं होता, पण त्याच्याभोंवतीं सगळा कोरा करडा पडदा! येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. उपग्रह आपणांस रस्ता सांगत नाहींत. जीपीएसचे उपग्रह सुमारें २० हजार किलोमीटर उंचीवरून फक्त आपली वेळ आणि आपलें ठिकाण कळवितात. असे निदान चार उपग्रह एकदम लाभले म्हणजे त्यांचे संदेश पोंचण्यास लागलेल्या काळावरून आपण कोठें आहों याचें गणित हातांतील यंत्र करितें. सापेक्षतावादानुसार तेथील घड्याळें पृथ्वीवरील घड्याळांपेक्षां दररोज सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. तेवढीही दुरुस्ती करावी लागते. परंतु या सगळ्या खटाटोपांतून निष्पन्न होतो तो एक ठिपका. ठिपक्याखालची नदी, पूल, घाट हीं सर्व नकाशांतलीं. आणि नकाशा म्हटला कीं, कोणी तरी पायपीट करून मुलूख मोजलेला असतो. विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट बरोबर ओढीत तो उत्तरेकडे येत राहिला, आणि १८२३ सालीं आपल्या वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाट येथें मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे. पस्तीस वर्षें भूगोल शिकवूनही ही गोष्ट आम्हांस निवृत्तीनंतर कळली, हें लिहितांना लाज वाटते.

असो. शेवटीं पोथी निघाली. परंतु आमची दृष्टि आतां पूर्वींची राहिलेली नाहीं. गाडींतल्या दिव्याच्या उजेडांत अक्षर लागेना. नातू त्या वेळीं पांचवींत होता. त्याच्या हातीं बॅटरी देऊन आम्हीं म्हटलें, “बाळ, खाडीच्या कांठानें बोट वर वर ने, आणि पूल कोठें दिसतो तें सांग.” बोट फिरत फिरत आंबेतवर थांबलें. मग पुढचा रस्ताही त्यानेंच लाविला: मागें म्हसळा, तेथून आंबेत, पुलापलीकडे म्हाप्रळ, मग मंडणगड. बागमांडल्यापाशीं पाण्यावर एक तुटक रेघ होती. ती कशाची, असें त्यानें विचारलें. ती नावेची. निघण्यापूर्वींच ती पाहतां आली असती. पण थट्टेच्या भयानें आम्हीं पोथी पिशवीबाहेर काढलीच नव्हती, हा दोष आमचा. केळशी आली तेव्हां दोन वाजून गेले होते.

वाटाड्या पुढचें वळण सांगतो. नकाशा मुलूख दाखवितो. मेघदूतांतील यक्ष निरोप सांगण्यापूर्वीं मेघास रामगिरीपासून अलकेपर्यंतचा सबंध मार्ग सांगून टाकतो, आणि वाट वांकडी पडली तरी उज्जयिनी पाहिल्यावांचून जाऊं नकोस, असा आग्रहही धरतो. आमच्या बाईंनीं कोणास हौसेनें वांकड्या वाटेस लाविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

तरी पण त्या बाईंवर आम्हांस रागावतां येत नाहीं. गेल्या वर्षीं गणेशोत्सवांत एका रात्रीं घरच्या मंडळींच्या छातींत दुखूं लागलें. चिरंजीव परगांवीं, शेजारच्या मुलानें गाडी काढली. पुण्यांतले रस्ते आम्हांस चाळीस वर्षें पाठ आहेत, या तोऱ्यांत आम्ही नेहमींचा रस्ता सांगूं लागलों. त्यानें मोबाइलकडे पाहून नम्रपणें सांगितलें, “काका, तिकडे सगळें तुंबलें आहे,” आणि भलत्याच गल्ल्यांतून गाडी घातली. रस्त्यावरील असंख्य मोबाइलांच्या गतीवरून कोठें गर्दी आहे हें त्या यंत्रास कळतें. कागदास तें कोठून कळणार? इस्पितळांत डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलें.” आम्ही त्या दिवशीं सुचविलेल्या रस्त्यावर मिरवणुकीमुळें गाड्या तासभर अडून होत्या, हें दुसऱ्या दिवशीं समजलें. त्यानंतर आठ दिवस आम्हीं पोथीस हात लाविला नाहीं.

मंडळींची प्रकृति आतां ठीक आहे. येत्या मार्गशीर्षांत पुन्हां केळशीस जावयाचें घाटत आहे. परवां पाहतों तों नातवानें पोथी आपल्या टेबलावर नेऊन ठेविलेली. कोयनेपाशीं नवी चिकटपट्टी लाविली आहे, आणि बागमांडल्याच्या तुटक रेघेशेजारीं पेन्सिलीनें शेवटच्या फेरीची वेळ लिहिली आहे. ती त्यानें मोबाइलवरून धक्क्यावर विचारून घेतली.