दिवे खाली वळवा, आभाळ राहू द्या

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी सिंदेवाही तालुक्यातल्या लोकांनी आभाळातून जळत जाणारे तुकडे पाहिले. लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. रॉकेटचा अवशेष होता तो. त्या दिवशी सगळा चंद्रपूर जिल्हा वर बघत होता. एरवी कोण बघतं?

खरं तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रात्री जे आभाळ दिसतं, ते पुण्या-मुंबईत पैसे मोजूनही मिळत नाही. शेंडेनक्षत्राचंच घ्या ना, म्हणजे धूमकेतूचं. त्याचं शेपूट इंजिनाच्या धुरासारखं मागे राहत असेल, असं आपण धरून चालतो. पण ते कायम सूर्याच्या उलट दिशेला असतं. धूमकेतू परतीच्या वाटेला लागला की शेपूट पुढे आणि डोकं मागे! यावरूनच १९५१ साली लुडविग बिअरमान यांनी ताडलं, की सूर्यापासून सतत काहीतरी वाहतंय. तोच सौरवारा. वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर.

वैनगंगेचं पाणी खडकाला वळसा घालतं, तसा हा वारा पृथ्वीला वळसा घालतो. खडकाचं काम इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र करतं. धूमकेतूजवळ असलं कवच नसतं. त्याचा वायू विद्युतभारित होऊन प्रवाहातच मिसळतो, प्रवाह तिथे जड होऊन मंदावतो आणि त्यातल्या चुंबकीय रेषा डोक्याभोवती अडकून मागे ताणल्या जातात. तेच ते सरळ, निळसर शेपूट. धुळीचं पिवळट, वाकडं शेपूट वेगळं. ते सूर्यप्रकाशाच्या दाबाने बनतं. १९९७ साली हेल-बॉपची दोन्ही शेपटं नुसत्या डोळ्यांनी दिसली होती. पण निळसर शेपूट फिकट, दिव्यांच्या झगमगाटात आधी तेच पुसलं जातं.

"वाघाच्या मुलखात अंधाराचं कसलं कौतुक?" असं कुणी विचारेल. रास्तच आहे. वाघ, साप, रात्रीची वाट... उजेड हवाच. पण तो वाटेवर हवा, ढगांवर कशाला? जानेवारी २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, ते आसपासच्या गावांतले दिवे खाली वळवूनच. हे ताडोब्यालाही जमेल. आणि केवळ रिसॉर्टमधल्या पाहुण्यांसाठी नको. आश्रमशाळेतल्या पोरांना ते आभाळ कुणीतरी समजावूनही सांगायला हवं.

पुढचा मोठा धूमकेतू कधी येईल, सांगता येत नाही. तोवर दिवे तरी वळवून ठेवूया.