खाडीच्या वासाची बाजू



हिंजवडीहून शनिवार-रविवारी अलिबागला जाऊन आलेल्या आमच्या नातलगांची एक ठरलेली तक्रार असते. धरमतरच्या खाडीपाशी ओहोटीला घाण वास येतो! आज त्या वासाची बाजू मांडावी म्हणतो.

सडक्या अंड्यासारखा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. खाडीच्या काळ्या गाळात थोडे खाली गेले की प्राणवायू उरत नाही. तिथले काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि हा वायू सोडतात. गंमत म्हणजे त्यांच्यातलेच काही आणखी एक मोठे काम करतात, नायट्रोजनचा अमोनिया करण्याचे.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला तरी झाडांना तो थेट घेता येत नाही. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो मिळवून देतात, हे शाळेत शिकवतात. गाळातल्या त्यांच्या या भाऊबंदांची ओळख मात्र फारशी कोणाला नसते. अमोनिया करायला कारखान्यात ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. अलिबागजवळच्या थळला असा खतकारखाना आहेच. जिवाणू तेच काम चिखलात बसून करतात. त्यासाठी लागणारे त्यांचे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून त्यांना तो कोंदट गाळच मानवतो. त्या नत्रावर तिवरे वाढतात, त्यांच्या गळलेल्या पानांवर खेकडे-कोळंबी पोसतात आणि त्यावर कोळ्याची चूल पेटते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांचा नाश हा मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष झाला. दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. पण आपण अजून झाडेच मोजतो. खाजणात भराव टाकायचा आणि बदल्यात दुसरीकडे रोपे लावायची, हा हिशोब मला पटत नाही. रोप एका दिवसात लागते. गाळ मात्र भरती-ओहोटी वर्षानुवर्षे थरावर थर चढवते, तेव्हा कुठे तयार होतो.

म्हणून परवानगी देताना किती झाडे जाणार एवढेच न विचारता, किती गाळ भरावाखाली जाणार आणि उरलेल्या गाळाला भरतीचे पाणी मिळणार का, हेही विचारावे. चिखलालाही दप्तरी नोंद मिळायला हवी. असो.