माळ्यावरचा पडून राहिलेला माल

दिवाळीचे वहीपूजन जवळ आले की दुकानातील माल मोजला जातो. कोणता माल फिरला, कोणता पडून राहिला, भांडवल कशात अडकले, याचा हिशोब व्यापाऱ्याच्या बोटांवर असतो. पडून राहिलेला माल जागाही खातो आणि नफाही खातो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र त्याच व्यापाऱ्याच्या घरी माळ्यावर काय साठले आहे, याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. दुकानाला शिस्त आणि घराला सूट, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. अशा गावातील जुन्या व्यापारी घराची ठेवण ओळखीची आहे : पुढे पेढी, मागे राहते घर आणि वर माळा. माळ्यावर पितळी घागरी, लग्नात आलेले स्टीलचे डबे, गाद्या, पाळणा, शिवणयंत्र, बंद पडलेला मिक्सर. मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात आणि नोकरी-व्यवसायाने तिथलीच होतात. मागे उरतात दोन वृद्ध माणसे आणि तीन पिढ्यांचे सामान. निर्णय टळत राहतो, आणि शेवटी घर विकायच्या आठवड्यात तो घाईने घ्यावा लागतो. मग सागवानी कपाट जळणाच्या भावाने जाते, पितळ मोडीत जाते, आणि ज्यांनी ते आयुष्यभर सांभाळले त्यांना कोणी विचारतही नाही. नुकसान पैशाचे होतेच. त्याहून अधिक ते मनाचे होते.

जैन गृहस्थाला हा विषय परका नाही. श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे. त्यात क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद यांच्या जोडीला ‘कुप्य’ म्हणजे भांडीकुंडी व घरवापराचे सामानही येते. सोन्याची मर्यादा ठरविणारे पुष्कळ आहेत. कुप्याची मर्यादा मोजून ठरविणारे विरळा. उपासकदशांग आगमातील आनंद गाथापतीचे उदाहरण व्यापाऱ्यांनी पुन्हा वाचावे असे आहे. त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रांपैकी चार कोटी ठेव्यात, चार कोटी व्यापार-व्याजात आणि चार कोटी घरच्या पसाऱ्यात होत्या. भगवान महावीरांजवळ व्रते घेताना त्याने तेवढ्यावर रेघ ओढली. पुढे अंग पुसण्याचे वस्त्र, दातवण, फळ, नेसूचे वस्त्र अशा बारीकसारीक गोष्टींचीही मर्यादा बांधून घेतली. एकतृतीयांश धन पसाऱ्यात होते, हे त्याला ठाऊक होते. मर्यादेची सुरुवात मोजणीपासून होते, ती अशी.

या परिसराला त्यागाची आठवणही जवळची आहे. आचार्य आनंदऋषीजी म. सा. यांचा जन्म १९०० साली याच तालुक्यातील चिचोंडी (शिराळ) येथे झाला आणि १९१३ मध्ये तालुक्यातील मिरी येथे त्यांनी दीक्षा घेतली. मुनिजीवनात वस्त्र-पात्रांचे पडिलेहण रोज सकाळ-सायंकाळ करायचे असते. एखादा सूक्ष्म जीव आत अडकू नये, हा त्यामागील भाव. गृहस्थाच्या माळ्याचे पडिलेहण मात्र वर्षानुवर्षे होत नाही. तिथे वाळवी, कसर आणि झुरळे वाढतात व शेवटी औषध फवारावे लागते. न लागणाऱ्या वस्तूंचा साठा हा असा थेट हिंसेपर्यंत पोहोचतो.

मग वस्तू सुटत का नाहीत? उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तिच्याविषयीच्या मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत दाखविले. आधुनिक अर्थशास्त्र वेगळ्या वाटेने त्याच दारापाशी आले. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले. मग हाती आलेल्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, तोच मग घेऊ इच्छिणाऱ्यांच्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. मग तोच, फरक फक्त ‘माझा’ या शब्दाचा. माळ्यावरच्या कपाटाला गिऱ्हाईक मिळत नाही, त्याचे एक कारण हेच.

येथे एक नवे साधन उपयोगी पडू शकते. त्याला विस्तारित वास्तव असे नाव आहे. मोबाइलचा कॅमेरा व त्यातील संवेदक खोलीची जमीन आणि भिंत ओळखतात, अंतराचा अंदाज घेतात आणि प्रत्यक्ष खोलीच्या दृश्यात एखादी वस्तू तिच्या खऱ्या मापाने उभी करून दाखवितात. डोळ्यांवर उपकरण चढवून पूर्ण आभासी खोलीत वावरणे, हा याच कुळातील दुसरा प्रकार. स्वीडनच्या आयकिया कंपनीने २०१७ मध्ये नवे फर्निचर घरात कसे दिसेल हे दाखविणारे ॲप आणले. त्याच कंपनीने २०२४ मध्ये ओस्लो व माद्रिद या शहरांत ग्राहकांनी आपले जुने फर्निचर एकमेकांना विकावे यासाठी बाजार सुरू करून पाहिला. ही दोन पावले जोडली की तिसगावच्या माळ्याची वाट सापडते.

जुन्या वस्तूचा व्यवहार बहुधा मापाच्या शंकेवर अडतो. पुण्यातील तरुण दांपत्याला सागवानी कपाट आवडते. परंतु ते दारातून आत येईल का, खिडकी झाकेल का, हे फोटोवरून कळत नाही. कपाटाचे चहूबाजूंनी फोटो घेऊन त्याचा त्रिमितीय नमुना तयार करता येतो आणि समोरचा माणूस तो स्वतःच्या खोलीत उभा करून पाहू शकतो. ओरखडा कुठे, पाय कुठे झिजला, तेही दिसते. टेम्पोचे भाडे वाया जात नाही आणि माल परत येण्याचा वाद राहत नाही. विकणाऱ्यालाही आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात नांदताना आधीच दिसते. मूर्च्छा सैल होण्यास एवढे पुष्कळदा पुरते. आजीच्या पाळण्याची आठवण हवी असेल, तर नमुना जपून ठेवावा आणि पाळणा ज्या घरी बाळ आहे तिथे जाऊ द्यावा.

यातील धर्मविचारही स्पष्ट आहे. नव्या कपाटासाठी झाड तुटते, नव्या भांड्यासाठी खाण खणली जाते आणि भट्टी पेटते. वनस्पतिकाय, पृथ्वीकाय, तेजस्काय या जीवांचा तो आरंभ आहे. वापरलेली वस्तू पुन्हा वापरात आली तर तेवढा आरंभ टळतो. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देत असे, तेव्हा ही व्यवस्था दारावर येत होती. आज पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था व्ही-कलेक्ट या उपक्रमातून घरातील जुन्या वस्तू गोळा करते, ती याच साखळीची पुढची कडी.

मात्र व्यापाऱ्याने साधनाची दुसरी बाजूही पाहावी. जे ॲप जुने विकायला मदत करते तेच नवे घ्यायला भुलविते. माळा रिकामा करून दिवाणखाना भरला तर व्रत जागच्या जागी राहते. चित्रण करताना तिजोरी, देवघर, दाराची कडी दृश्यात येऊ देऊ नये. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तो मागणारा गिऱ्हाईक नव्हे, ठग समजावा. स्वतःच्या वापरातील कपडे व फर्निचर प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाहीत. दागिने, चित्रे व शिल्पे यांना मात्र ही सवलत नाही. जुन्या वस्तूंचा नोंदणीकृत धंदाच करायचा झाल्यास, खरेदीवर कर-परतावा घेतलेला नसेल तर वस्तू व सेवा कर केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर भरण्याची तरतूद आहे.

सर्वांत मोठी सावधगिरी पोथ्या व मूर्तींबाबत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व कलावस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावशेष ठरतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. माळ्यावरील गाठोड्यात अशी पोथी निघाली तर ती विक्रीच्या यादीत न घालता श्रीसंघातील जाणत्यांना दाखवावी. बंद पडलेली विजेची उपकरणे भंगारात न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्यावीत.

चातुर्मास संपण्यापूर्वी एखाद्या रविवारी नातवाने मोबाइल धरावा आणि आजोबांनी प्रत्येक वस्तूचे नाव व तिची हकिगत सांगावी. राहील ती, देण्याची, विकण्याची आणि जपण्याची अशा चार याद्या व्हाव्यात, आणि कोणती वस्तू कुठल्या यादीत जाईल हे घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवावे. उरलेल्या सामानाचा आकडा वहीपूजनाच्या दिवशी एका पानावर लिहून त्यापुढे न जाण्याचे पच्चक्खाण घेतले, तर दुकानाबरोबर घराचाही हिशोब पूर्ण होईल.