विद्यार्थी आहे, हे सांगण्यात कमीपणा कसला?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत आयुर्वेद महाविद्यालयांतील विद्यार्थी काम मागण्यासाठी येऊ लागतात. कोणाला खोलीभाड्याची सोय करावयाची असते, कोणाला पुढील वर्षाच्या शुल्काची, तर कोणाला पंचकर्माचा प्रत्यक्ष अनुभव हवा असतो. ही धडपड कौतुकास्पदच आहे. मात्र त्यात एक गोष्ट सतत खटकते. द्वितीय व्यावसायिक परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी ‘शिक्षण पूर्ण झाले, निकाल तेवढा बाकी आहे’ असे सांगतो. दुसरा ‘कायम राहीन’ असा शब्द देतो आणि महाविद्यालय उघडताच आजारपणाचे निमित्त सांगून निघून जातो.

याविषयी लिहिताना प्रथम स्वतःचाच अपराध कबूल करावयास हवा. विद्यार्थिदशेत एका सुट्टीत मी काष्ठौषधींच्या दुकानी नोकरी केली. दीड महिन्यासाठी कोणी ठेवून घेत नसे, म्हणून ‘शिक्षण सोडले आहे, आता इथेच राहीन’ असे मालकांना सांगितले. त्यांनी मला मनापासून शिकविले. अनंतमूळ वासावरून कसे पारखावे, मिऱ्यांत मिसळलेले पपईचे बी पाण्यात टाकून कसे ओळखावे, हे पाठ्यपुस्तकाआधी मला त्या दुकानात कळले. जूनमध्ये मी खरे सांगून निरोप घेतला, तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “आधी बोलला असतास, तर गावाकडचा तो मुलगा मी परत पाठवला नसता. त्याला कायमच्या कामाची गरज होती.” तोपर्यंत माझ्या खोटेपणाने कोणाचे काही बिघडले नाही, अशीच माझी समजूत होती.

आपल्या शास्त्राने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला करावयाच्या उपदेशात सत्यवादित्वाचा समावेश आहे. हा उपदेश अध्ययनाच्या आरंभी करावयाचा आहे, शेवटी नव्हे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगताना केवळ बाह्य साधनांच्या प्रदर्शनावर वैद्य म्हणवून घेणाऱ्यास छद्मचर म्हटले आहे. सुश्रुताचार्यांनी तर शास्त्राचे अध्ययन, कर्मदर्शन व योग्या, म्हणजे प्रत्यक्ष कर्माभ्यास, झाल्यावर राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात प्रवेश करावा, असे सांगितले आहे. आजची राजानुज्ञा म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता आणि त्यानंतर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडील नोंदणी. तत्पूर्वीची अवस्था विद्यार्थ्याची. ती लपविण्याजोगी मुळीच नाही; पण ती ओलांडल्याचा आव आणणे मात्र गैर आहे.

तथापि सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. काही वर्षांपूर्वी सुट्टीत माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने आपले वर्ष, महाविद्यालय, परत जाण्याची तारीख, सारे स्वच्छ सांगितले होते. मीच रुग्णांना ‘या आमच्या नवीन डॉक्टर’ अशी ओळख करून दिली. एका वृद्ध गृहस्थांनी अभ्यंग चालू असताना तिला विचारले, “बीपीची गोळी आता बंद केली तर चालेल का?” डॉक्टर म्हणून विचारलेल्या प्रश्नाला ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याचा तिला संकोच वाटला. ‘उपचार चालू आहेत तोवर चालेल,’ असे ती बोलून गेली. आठ दिवसांनी ते गृहस्थ डोकेदुखी व चक्कर घेऊन आले. रक्तदाब बराच वाढला होता. त्यांना तातडीने त्यांच्या फिजिशियनकडे पाठविले, म्हणून पुढचा अनर्थ टळला. ती मुलगी रडली. परंतु खोटे तिने सांगितले नव्हते, ते मी सांगितले होते.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. काम मागावयास येणाऱ्याने आपले वर्ष, महाविद्यालय पुन्हा सुरू होण्याची तारीख आणि कोणती कर्मे केवळ पाहिली व कोणती हाताने केली, हे अर्जातच लिहावे. मी त्याला मुदतीचे पत्र व ठरलेले मानधन देतो. त्याच्या बिल्ल्यावर ‘विद्यार्थी सहायक’ असे लिहिलेले असते. औषधाविषयी रुग्णाने काही विचारल्यास ‘वैद्यांना विचारून सांगतो’ एवढेच उत्तर त्याने द्यावे, आणि विद्यार्थ्याकडून उपचार घेण्यास रुग्णाने नकार दिल्यास तो निमूटपणे मान्य करावा.

यामुळे रुग्ण दुरावतील, अशी शंका काही वैद्यबंधूंनी बोलून दाखविली. माझा अनुभव तसा नाही. एखाद-दुसरा रुग्ण नकार देतो. पण बहुतेकांना ‘शिकतो आहे’ या शब्दांत कमीपणा दिसत नाही. उलट ते विद्यार्थ्याला गावाचे नाव विचारतात, अभ्यासाची चौकशी करतात.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की खरे सांगितल्याने एखादी नोकरी हुकेल, ती हुकू द्यावी. आणि समव्यवसायी वैद्यांना विनंती अशी, की ‘कायम राहणार असशील तरच ये’ ही अट सुट्टीच्या कामासाठी घालू नये. खरे बोलणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे आणि खोटे बोलणाऱ्याला आसन द्यायचे, असे आपण करीत राहिलो, तर उद्याच्या वैद्याला असत्याचा पहिला पाठ आपल्याच चिकित्सालयात मिळेल.