पंगत उठल्यावर

सप्त्याच्या काल्याला गावजेवण होते. पंगती उठतात आणि दुसऱ्या दिवशी पटांगणातले खरकटे गुरे हुंगत बसतात. खरकट्यासकट प्लॅस्टिकची पिशवी गाईच्या पोटात गेली की तिथेच अडकते. मग चारा सुटतो, दूध आटते, जनावर दगावते. नुसता भातही ढीगभर खाल्ला तरी पोटात आम्ल वाढून गाय आडवी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

थर्माकोलच्या ताटल्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी गावोगाव फिरताना आम्हाला त्या दिसतातच! कागदी म्हणून आणलेल्या बहुतेक द्रोणांनाही आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो कुजत नाही. पळसाच्या पत्रावळी घ्या, नाहीतर घरून ताट-तांब्या आणायची दवंडी द्या. पूर्वी आणतच होतो की.

पंगत उठते तिथेच दोन ड्रम ठेवा, एक पत्रावळी-खरकट्याचा, दुसरा प्लॅस्टिकचा. शेजारी एक पोरगा उभा करा, नाहीतर सगळे एकातच पडते. पहिला ड्रम नाडेप टाकीत रिकामा करा. टाकी १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर द्या. तीन-चार महिन्यांत खत तयार.

ग्रामपंचायतीने पटांगण देतानाच ही अट घालावी. टाकीच्या विटा वर्गणीतून निघतील. मंडप थोडा लहान घाला.