पहिल्या खेपेला नुसतं फिरवून आणा

कोवळ्या घोड्याला पहिल्या स्पर्धेला जरूर न्यावं, पण स्पर्धेत उतरवू नये. थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या मैदानांपासून तापीकाठच्या सारंगखेड्यापर्यंत घोड्यांचा हंगाम भरात येतो, आणि दर हंगामात हे वाक्य मला कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. समोरून उत्तर येतं, "एवढं भाडं भरून आणलाय, मग उतरवायचा का नाही?" प्रश्न खोटा नाही. आपल्याकडे घोडा बाहेर काढायच्या संधी मोजक्या, अंतरं लांबची, गाडीभाडं परवडत नाही. त्यात ग्लँडर्ससारखा रोग कुठे निघाला तर त्या भागात घोड्यांच्या ये-जा करण्यावरच बंदी येते. म्हणून मिळालेली एकुलती एक संधी मालक वाया घालवायला तयार नसतो. पण घाईघाईत मारलेल्या त्या एका फेरीची किंमत घोडा पुढे कित्येक हंगाम मोजत राहतो.

चार वर्षांचा घोडा दिसायला पुरा भरलेला असतो. आयाळ, छाती, पुठ्ठे, सगळं जागच्या जागी. पण त्याच्या पाठीच्या कण्याची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, आणि जग तर त्याने तबेल्याच्या फाटकापलीकडे पाहिलेलंच नसतं. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या कवायतीच्या स्पर्धेत, घोडा किमान ८ वर्षांचा असावा, असा नियम आहे. त्या आधीची वर्षं रिकामी नसतात. घोडा घडतो किंवा बिघडतो तो त्याच काळात.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. हजारो वर्षं गवताळ रानात वाचायचं तर आधी पळायचं आणि मग बघायचं, हेच त्याच्या अंगात मुरलेलं आहे. तेव्हा बुजणं ही खोडी नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात एक साधा प्रयोग झाला. लहान मुलांच्या खेळण्याचा प्लास्टिकचा घसरगुंडीवजा संच ठेवून त्याच्याजवळून कोवळे घोडे रोज नेले. घोडे सरावले. मग तोच संच त्याच जागी नुसता ९० अंशांत फिरवला, तर घोडे पुन्हा बिचकले. त्यांच्या लेखी ती नवीच वस्तू होती. म्हणून "घरी झेंड्याजवळून रोज जातो, इथंच नाटकं करतो" ही तक्रार मला पटत नाही. घरचा झेंडा वेगळा, मैदानावरचा वेगळा. डाव्या बाजूने दाखवलेली वस्तू उजव्या बाजूनेही दाखवावीच लागते.

आता त्याच्या नजरेनं मैदान बघा. लाउडस्पीकरची खरखर, वाऱ्यावर फडफडणारे फ्लेक्स, पंचांच्या टेबलावरची छत्री, पांढऱ्या बुटक्या फळ्यांनी आखलेला २० बाय ६० मीटरचा चौक, कडेनं मांडलेली अक्षरं आणि फुलांच्या कुंड्या, मध्येच वाजणारी घंटा. हे सगळंही तो एक वेळ सोसतो. सगळ्यात अवघड असतं ते बाकीच्या घोड्यांना मागे ठेवून त्या चौकात एकट्यानं शिरणं. घोडा कळपाचा प्राणी आहे, एकटेपणा म्हणजे त्याला धोका वाटतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवून दिलंय की वस्तूला सरावलेला शांत घोडा सोबत असला की नवखा घोडा कमी घाबरतो, आणि पुढे एकटा असतानाही त्या वस्तूला कमी बिचकतो. जुन्या मोतद्दारांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. शिंगरू पहिल्यांदा बाहेर काढताना ते पागेतली वयस्क घोडी बरोबर घेतात.

आणि स्वार? स्वीडनमध्ये स्वारांना आणि घोडा हातात धरून चालवणाऱ्यांना ठरावीक अंतर चार वेळा जायला सांगितलं. चौथ्या खेपेच्या आधी कानावर घातलं की या वेळी छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या काळजाची धडधड वाढली आणि तिच्याबरोबर घोड्यांचीही. छत्रीची गोष्ट घोड्यांना कुणी सांगितली नव्हती. लगामातून, मांडीतून, धरलेल्या श्वासातून ती त्यांच्यापर्यंत पोचली. पहिल्या स्पर्धेत बक्षिसाची आस धरून बसलेला स्वार घोड्याला नेमकं हेच सांगत असतो. म्हणून पहिल्या खेपेला बक्षिसाचा विषयच नको.

मग तिथं जाऊन करायचं काय? घाई न करता उतरवायचं. हातात धरून मैदानाभोवती दोन्ही अंगांनी फिरवायचं. एखादी गोष्ट बघायला तो थबकला, मान उंचावून कान टवकारले, तर बघू द्यायचं. लगाम खेचून मान खाली आणली की त्याला दिसायचं कमी होतं आणि भीती वाढते. गवत सतत समोर हवं, कारण घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं आणि ताणात रिकामं पोट म्हणजे अल्सरला आमंत्रण. परक्या गावचं पाणी पुष्कळ घोडे तोंडाला लावत नाहीत, म्हणून घरूनच कॅन भरून न्यावेत. त्यानं सुस्कारा टाकून फुरफुर केलं, मान लांबवली, जबडा सैल सोडून चघळल्यासारखं केलं, की परत फिरायचं. दुसऱ्या खेपेला सरावाच्या मैदानात थोडी दुडकी. स्पर्धेत उतरवायचं ते त्यानंतर कधीतरी, आणि तेही घरी जे सहज जमतं त्याच्या एक पायरी खालच्या गटात.

याच्या उलटा एक विचार आपल्याकडे मुरलेला आहे. ढोलांच्या मध्यात उभा केला की भीती आपोआप सुटते म्हणतात. सारंगखेड्याच्या बाजारात असा एक तरणा घोडा मी बराच वेळ बघत होतो. भोवती ढोल, समोर मोबाइल उंचावलेली माणसं, आणि घोडा जागचा हलत नव्हता. मालक अभिमानानं सांगत होता, कसा शांत आहे बघा. पण शेपूट दोन मांड्यांत घट्ट दाबलेली होती. नाकपुड्या ताठ, वरची पापणी दुमडून तिचा त्रिकोण झालेला, कानामागे घामाची ओल, आणि उभ्या उभ्या पातळ लीद. याला शांत म्हणत नाहीत. पळायला वाट नाही हे त्याला कळून चुकलं होतं, एवढंच. असा घोडा बाजारात उभा राहतो, विकलाही जातो, आणि पुढे एका बेसावध क्षणी स्वाराला घेऊन चौखूर उधळतो.

बुजतोय म्हणण्याआधी दुखतंय का हेही पाहिलं पाहिजे. खोगीर रुततं का, दाताची धार लागते का. इंग्लंडच्या पशुवैद्यक स्यू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना दिसणारी २४ लक्षणं पक्की केली आहेत. त्यातली ८ किंवा अधिक दिसली तर दुखणं असण्याची दाट शक्यता धरावी, असं त्या सांगतात.

आत्मविश्वास तुटायला किती वेळ लागतो हे सगळ्या जगानं ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये पाहिलं. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये घोडा चिठ्ठीनं मिळायचा, ओळख करून घ्यायला जेमतेम वीस मिनिटं. सेंट बॉय नावाचा घोडा आधीच्या स्वाराबरोबर अडथळ्यांपुढे अडला होता. तोच मग आघाडीवर असलेल्या जर्मनीच्या आनिका श्लॉय हिच्या वाट्याला आला. ती रडत होती, तिची प्रशिक्षक कुंपणाबाहेरून "मार, मार" म्हणून ओरडत होती, आणि घोडा पुढे जायला तयार नव्हता. आनिका ३१ व्या क्रमांकावर गेली. पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकण्यात आली. मला त्या घोड्याचा राग आला नाही, आजही येत नाही. भेदरलेल्या घोड्याला सावरायला पुरेसा वेळ मिळेल, अशी सोय त्या नियमांत नव्हती.

तशी सोय करता येते. ब्रिटनमध्ये छोट्या स्पर्धांत वेळ न मोजता, क्रमांक न लावता किरकोळ शुल्क भरून उड्यांची एक फेरी मारता येते. काठी न पाडता आलेल्या प्रत्येकाला फीत. जर्मनीत कोवळ्या घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेत वेगाला नव्हे, उडी कशी घेतली आणि घोडा किती मोकळा होता याला गुण देतात. आपल्या अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला यांनी २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धांत घोडेस्वारीतलं सुवर्ण भारताला ४१ वर्षांनी मिळालं. चौघांचीही तयारी युरोपात झाली. तिथे चांगले गुरू भेटले, घोडे मिळाले, हे खरंच. पण माझ्या मते तितकंच मोल हाताच्या अंतरावर असलेल्या लहान लहान स्पर्धांचं आहे. तिथं घोडा हरण्या-जिंकण्याआधी मैदान ओळखायला शिकतो.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दोन तास मैदान नवख्या घोड्यांसाठी खुलं ठेवा. फळ्या, कुंड्या, फ्लेक्स, पंचांची छत्री सगळं मांडलेलं असू द्या, स्पीकर हळू आवाजात चालू राहू द्या, आणि सोबतीच्या घोड्याला आत येऊ द्या. यात्रा समित्यांनी बाजाराच्या एका कडेला ढोलाविना मोकळी पट्टी राखावी. याला फारसा खर्च नाही, थोडी दोरी आणि एक जबाबदार माणूस पुरतो.

आणि प्रेक्षकांनो, घोड्याच्या शेपटीला हिरवी फीत बांधलेली दिसली तर तो नवखा आहे असं समजा. त्याच्यापासून चार पावलं दूर राहा, फ्लॅश बंद करा, छत्री मिटा, आणि टाळ्या तो फाटकाबाहेर पडल्यावर वाजवा.