परवाना दाखवा

रस्ता खोदणाऱ्याला विचारून बघा, ‘परवानगी आहे का?’ उत्तर ठरलेलं आहे : ‘आहे ना, साहेबांकडे.’ कोणते साहेब, ते कधी येतात, त्यांचा नंबर काय, यातलं काही त्या पोरांना माहीत नसतं. ती काल दुसऱ्या शहरात खोदत होती, परवा तिसऱ्या शहरात असतील. त्यांच्यावर आवाज चढवणं हा निव्वळ भेकडपणा आहे. भांडायचंच तर कागदाशी भांडावं, आणि तो कागद तर आपल्याला दिसतच नाही.

माझी मागणी साधी आहे. खोदाईची परवानगी खड्ड्याशेजारी लावलेली असली पाहिजे. कोणी खोदलं, कशासाठी, किती मीटर, कोणत्या तारखेपर्यंत, आणि बुजवणार कोण. बोर्ड नसेल तर काम बंद.

यात नवीन कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा 2005 सालचा आहे. आपण दिलेले परवाने कोणाला दिले याचा तपशील कार्यालयाने स्वतःहून, कोणी अर्ज करायची वाट न बघता जाहीर करावा, असं त्याच्या कलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणजे जो कायदा आपण अर्ज टाकायला वापरतो, त्याचंच म्हणणं आहे की अशा गोष्टीसाठी अर्ज टाकायची वेळच येऊ नये.

आमच्या शेजारच्या काकू गेल्या जूनमध्ये फुटपाथवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. फुटपाथ उन्हाळ्यात कोणीतरी उकरला होता, वर पेव्हर ब्लॉक नुसते मांडून ठेवले होते, आणि पहिल्या पावसात खालची माती बसली. मी माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवून. अर्ज पथ विभागातून विद्युतकडे, विद्युतकडून क्षेत्रीय कार्यालयाकडे असा फिरला. शेवटी उत्तर आलं, ‘सदर ठिकाणच्या खोदाईची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही.’ काकू तेव्हा वॉकर घेऊन चालायला शिकत होत्या.

माती का बसली हे कळायला सिव्हिल इंजिनिअर असावं लागत नाही. पहिल्या वर्षाला आम्हा कॉम्प्युटरवाल्यांनाही सिव्हिलचा एक विषय होता, तेवढा पुरतो. चर बुजवताना माती थराथराने टाकायची, प्रत्येक थरावर पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग पुढचा थर. यात दिवस जातात. सगळा राडारोडा एकदम ढकलून वरून डांबराचा पापुद्रा लावला तर संध्याकाळी मोकळं होता येतं. पावसाळ्याआधी खोदाई थांबवायचा दंडक असतो, त्यामुळे मे महिन्यात जी घाई चालते तिच्यात कोणता मार्ग निवडला जातो हे सांगायला नको. बऱ्याच ठिकाणी खोदणारा पालिकेकडे पुनर्स्थापनेचे पैसे भरून मोकळा होतो आणि बुजवायला दुसराच ठेकेदार येतो. मधल्या काळात तो खड्डा कोणाचाच नसतो.

आता ‘सगळं ऑनलाइन झालंय की’ म्हणणाऱ्यांसाठी. पोर्टलं बनवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे मला पोर्टल या शब्दाचं कौतुक जरा कमी आहे. मार्च 2023 मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं. खोदण्याआधी त्यात नोंद करायची, म्हणजे जमिनीखाली ज्यांच्या केबल आणि पाइप आहेत त्यांना सूचना जाते. चांगली कल्पना आहे, खरंच. पण त्या ॲपला जमिनीखालच्या केबलची काळजी आहे. जमिनीवरून चालणारी बाई त्याच्या हिशोबातच नाही.

नियमांचंही तेच. 2016 च्या टेलिग्राफ मार्गाधिकार नियमांनुसार यंत्रणेने 60 दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जायचं. मानीव अभिहस्तांतरण माहीत असेल तुम्हाला, त्यातलंच हे मानीव. 1 जानेवारी 2025 पासून नवे नियम आले, मानीव परवानगी राहिली. रस्ता पूर्ववत करण्याच्या अटी त्यात आहेत, नाही असं नाही. पण उलट दिशेचं मानीव काही मला सापडलं नाही. ठरल्या तारखेला रस्ता बुजला नाही तर त्या कंपनीची पुढची परवानगी आपोआप अडकली, असं का होऊ नये? आमच्याकडे जुनं काम तपासून बंद झाल्याशिवाय सिस्टीम पुढचं पाऊल टाकू देत नाही. ही एक अट कोडमध्ये लिहायला दुपार पुरते. ती लिहायला सांगणारा माणूस लागतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख, आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला. जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून ती वसूल करावी असंही म्हटलं. पण ज्या खड्ड्याची ‘नोंद आढळून येत नाही’, त्याचा जबाबदार ठेकेदार शोधायचा कसा?

फायबर नको, असं मी म्हणत नाही. मी घरून काम करतो, माझी भाकरी त्याच चरातून येते. परवानग्या लवकर मिळाव्यात ही कंपन्यांची तक्रारही खोटी नाही. मिळू देत की आठवड्यात! फक्त तो कागद लोकांना दिसू दे.

बोर्डाचा खर्च वाढेल, असं एका ओळखीच्या ठेकेदाराने मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं. आपल्याकडे रस्ता झाला की ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’ असा फोटोसकट फलक लागतो, आणि कोणा भावी नगरसेवकाच्या पुतण्याच्या वाढदिवसाला चौकात रातोरात सहा बाय दहाचा फ्लेक्स उभा राहतो. खड्ड्याला दोन बाय तीनचा पुरेल, फोटो नसला तरी चालेल.